फ्री डिशवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून गावात दाखवण्यासाठी कोणती हार्ड डिस्क घ्यावी?

ग्रंथघर (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात डीडी फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स आणि ३२ इंची टीव्ही आहे. डीडी किसान आणि सह्याद्री या वाहिन्यांवर पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी, तुरीचा मर रोग, माती परीक्षण अशा विषयांवर चांगले कार्यक्रम लागतात. परंतु ज्यांनी ते पाहायला हवेत ती सगळी माणसे त्या वेळी वावरात असतात. हे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवावेत आणि रात्री जेवणे आटोपल्यावर वाचनालयात दाखवावेत, असे आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठरवले आहे. त्याशिवाय दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्याचे प्रक्षेपण दरवर्षी जपून ठेवावे, अशीही अनेकांची इच्छा आहे.

बॉक्सला मागच्या बाजूला यूएसबीची खाच आहे आणि मेनूत रेकॉर्डिंगचा पर्याय दिसतो. डिस्क किती टीबीची (एक टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) घ्यावी, हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क), की मोठा पेनड्राइव्हच पुरेल, हे कळत नाही. रेकॉर्ड केलेले कार्यक्रम शाळेतल्या टीव्हीवरही चालायला हवेत. आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि उन्हाळा कसा असतो ते आपण जाणताच. पैसे वर्गणीतून येणार आहेत, त्यामुळे खरेदी एकदाच आणि विचारपूर्वक व्हावी असे वाटते.

तारमिस्त्री (वरुड, जि. अमरावती)

ताई, किती टीबी हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. मी टीव्ही आणि डिशच्या दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक तक्रारींत डिस्क उत्तम असते, परंतु ती बॉक्सशी जुळणारी नसते. म्हणून आधी बॉक्स तपासावा आणि मग त्याला झेपेल अशी डिस्क निवडावी.

पहिली गोष्ट विजेची. यूएसबी २.० च्या खाचेतून नियमानुसार ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट वीज मिळते, यूएसबी ३.० मध्ये ती ९०० मिलिअँपिअरपर्यंत असते. अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क एकदा फिरू लागली की एवढ्यात भागते, परंतु थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवात करताना ती काही क्षण जवळजवळ १ अँपिअरपर्यंत वीज मागते. स्वस्त फ्री डिश बॉक्सचा अडॅप्टरच मुळात लहान असतो. मग डिस्कमधून टिकटिक आवाज येतो, बॉक्स पुन्हा सुरू होतो, किंवा रेकॉर्डिंग मध्येच थांबते, आणि गिऱ्हाईक नवी डिस्क खराब निघाली म्हणून परत करायला निघते. यावर सरळ उपाय म्हणजे स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब. बॉक्स आणि डिस्क यांच्यामध्ये तो लावला की डिस्कला वीज हबमधून मिळते आणि बॉक्सवर भार येत नाही.

साडेतीन इंची मोठी डिस्क स्वतःच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते, त्यामुळे हा प्रश्न तिला नसतो. तिच्यात सीसीटीव्हीसाठी बनवलेला प्रकारही मिळतो, तो दिवसरात्र लिहिण्यासाठीच तयार केलेला असतो. परंतु ती जड असते, उचलून नेण्याजोगी नसते, आणि तुमच्या गरजेपेक्षा फार मोठी आहे.

दुसरी गोष्ट अशी की तयार पोर्टेबल डिस्कऐवजी लॅपटॉपची अडीच इंची साटा (लॅपटॉपच्या आत बसणाऱ्या जोडणीची) डिस्क आणि वेगळे केसिंग (डिस्क बसवायचा, यूएसबीची खाच असलेला डबा) घ्यावे, असा माझा आग्रह आहे. काही तयार पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच डिस्कच्या सर्किटच्या पट्टीवरच पक्की बसवलेली असते, आणि काहींमध्ये त्या पट्टीतूनच माहिती कुलूपबंद होऊन लिहिली जाते. खाच ढिली झाली किंवा पट्टी जळली की आतली तबकडी धडधाकट असूनही रेकॉर्डिंग बाहेर काढणे फार अवघड होते. केसिंग वेगळे असले तर खाच तुटल्यावर तेवढे केसिंग बदलून काम भागते. गावात वायर ओढली जाते, पोरे हात लावतात, म्हणून मला हा फायदा फार मोठा वाटतो.

वर्धाकाठ (आर्वी, जि. वर्धा)

वरील सल्ला योग्य आहे. मी जागेचा आणि फॉरमॅटचा (डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा) हिशेब मांडतो.

फ्री डिशवरच्या साध्या वाहिन्यांचे चित्र साधारण ३ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने येते असे धरले, तर एका तासाला सुमारे १.३५ जीबी जागा लागते. बॉक्स येणारा प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो, नव्याने दाबून लहान करत नाही. त्यामुळे हा आकडा वाहिनीवर अवलंबून असतो, डिस्कवर नाही. या हिशेबाने १ टीबीमध्ये ७४० तास मावतात. एचडी वाहिनी ८ मेगाबिटने येत असेल तर तासाला ३.६ जीबी लागतात आणि १ टीबीमध्ये सुमारे २७५ तास बसतात. वाचनालयाला १ टीबी भरपूर आहे.

वेगाची चिंता तर करूच नये. यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिटची आहे आणि आपण लिहिणार ३ ते ८ मेगाबिट. दुकानदार वेगवान म्हणून महाग डिस्क दाखवेल. त्या वेगाचा या कामात काडीचाही उपयोग नाही.

खरी अडचण फॉरमॅटची आहे. फॅट३२ हा फॉरमॅट जवळजवळ प्रत्येक बॉक्स आणि टीव्ही वाचतो, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवता येत नाही. साध्या वाहिनीचे सलग रेकॉर्डिंग त्यामुळे तीन तासांच्या थोडे पुढे गेले की अडते, आणि एचडीचे तर सव्वा तासाच्या आतच. बरेच बॉक्स अशा वेळी आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, काही मात्र रेकॉर्डिंगच थांबवतात. दीक्षाभूमीचा सोहळा अनेक तास चालतो, म्हणून हे आधी तपासून घ्या. एनटीएफएसमध्ये ही मर्यादा नाही, शिवाय त्यात बदलांची नोंदवही ठेवली जाते, त्यामुळे लाइन अचानक गेली तरी डिस्कची रचना बिघडण्याची शक्यता कमी असते. एक्सफॅटमध्ये मोठी फाइल मावते, पण अशी नोंदवही नसते आणि पुष्कळ जुने बॉक्स तो ओळखतही नाहीत. आपला बॉक्स एनटीएफएसवर वाचतो आणि लिहितोही, अशी खात्री झाली तर तोच निवडावा, नाहीतर फॅट३२. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून ३२ जीबीपेक्षा मोठा भाग फॅट३२ करता येत नसे, म्हणून डिस्क बॉक्सच्या मेनूतूनच फॉरमॅट करणे सोपे पडते.

२ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेऊ नये याचेही कारण आहे. डिस्कचे भाग पाडण्याची जुनी पद्धत, जिला एमबीआर म्हणतात, ती सुमारे २.२ टीबीपर्यंतच पोहोचते. त्यापुढच्या डिस्कना जीपीटी पद्धत लागते आणि ती साध्या बॉक्सना अनेकदा कळत नाही.

संत्रापट्टा (मोर्शी, जि. अमरावती)

आमच्याकडे पैसे भरून घेतलेली डीटीएच सेवा आहे आणि तिच्या बॉक्सवर मी हार्ड डिस्क लावून रेकॉर्डिंग करतो. ते त्याच बॉक्सवर व्यवस्थित चालते, पण डिस्क संगणकाला लावली की काहीच दिसत नाही. संत्र्याच्या बहाराच्या व्यवस्थापनावरचा एक कार्यक्रम शेजारच्या भावाला द्यायचा होता, तो देता आला नाही. यावर मार्ग आहे का?

वर्धाकाठ

भाऊ, यावर मार्ग नाही आणि शोधूही नये. सशुल्क सेवेच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंग कुलूपबंद स्वरूपात लिहिले जाते आणि त्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. बॉक्स बदलला तर तुमचेच जुने रेकॉर्डिंग तुम्हालाही दिसणार नाही, म्हणून जपून ठेवायच्या गोष्टींसाठी ही व्यवस्था उपयोगाची नाही. काही टीव्हींना स्वतःची रेकॉर्डिंगची सोय असते, तिथेही असेच होते; टीव्ही डिस्क आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि ती दुसरीकडे चालत नाही. फ्री डिशवरच्या खुल्या वाहिन्यांचे रेकॉर्डिंग मात्र बहुतेक बॉक्स साध्या टीएस फाइलमध्ये (प्रक्षेपण जसे येते तसेच साठवणारा प्रकार) करतात आणि ती कुठेही नेता येते. वाचनालयासाठी फ्री डिश असणे ही मोठी सोय आहे.

ग्रंथघर

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे आधी घरातल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करून पाहिले. फाइल टीएसच आहे. संगणकावर ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये उत्तम चालली. शाळेतल्या नव्या अँड्रॉइड टीव्हीवर मात्र नुसता आवाज येतो, चित्र येत नाही. याचा अर्थ फाइल खराब आहे का? आणि पेनड्राइव्हवर एवढे चालते तर डिस्क घ्यायची गरज तरी काय, असा प्रश्न आमच्या गटात निघाला आहे.

वर्धाकाठ

फाइल चांगली आहे. फ्री डिशच्या पुष्कळ वाहिन्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीने येतात आणि काही नव्या टीव्हींच्या स्वतःच्या प्लेयरमध्ये ती पद्धत उलगडण्याची सोय दिलेली नसते. त्या टीव्हीवर व्हीएलसीचे ॲप घालून फाइल त्यातून लावावी; बहुतेक वेळा चित्र येते. त्यानेही जमले नाही, तर संगणकावर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने फाइल एच.२६४ या नव्या पद्धतीत बदलून घ्यावी. जागाही पुष्कळ वाचते, साधारण निम्मीच लागते. बदलताना डीइंटरलेसचा पर्याय सुरू ठेवावा, नाहीतर हलत्या चित्राच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. मूळ टीएस फाइल मात्र लगेच पुसू नये.

टीएसचा आणखी एक गुण आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. ही फाइल १८८ बाइटच्या स्वतंत्र पाकिटांची बनलेली असते. लाइन मध्येच गेली तरी तोवर डिस्कवर उतरलेली पाकिटे जशीच्या तशी चालतात. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग पूर्ण झाल्यावर लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली की आख्खी फाइल उघडत नाही. म्हणून बॉक्समध्ये निवड करता येत असेल तर टीएसच ठेवा.

तारमिस्त्री

पेनड्राइव्हबद्दल मी सांगतो. ताई, तुमच्या बॉक्सच्या मेनूत टाइमशिफ्ट नावाचा पर्याय असेल, तो आधी बंद करा. तो सुरू असला की तुम्ही रेकॉर्डिंग करत नसतानाही बॉक्स चालू वाहिनी सतत डिस्कवर लिहीत राहतो. दिवसभर टीव्ही सुरू राहिला तर २४ तासांत ३२ जीबी लिहिले जातात, म्हणजे ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दर दोन दिवसांनी पूर्ण नव्याने लिहिला जातो. पेनड्राइव्हची लिहिण्याची आयुर्मर्यादा हार्ड डिस्कच्या मानाने फार थोडी असते आणि तो तापतोही. चार दिवस नेण्या-आणण्यासाठी पेनड्राइव्ह योग्य आहे, दहा वर्षे जपण्यासाठी नाही.

बाजारात किंवा ऑनलाइन २ टीबीचा म्हणून नाममात्र किमतीला मिळणारा पेनड्राइव्ह कधीही घेऊ नका. त्यात प्रत्यक्षात थोडीच जागा असते आणि तो संगणकाला खोटा आकडा सांगतो. जागा संपली की नवे लिखाण जुन्यावर पडत जाते आणि हे कळते तेव्हा रेकॉर्डिंग गेलेले असते. घेतलेली कोणतीही डिस्क किंवा पेनड्राइव्ह पहिल्याच दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासावा. त्याला वेळ लागतो, पण तो वेळ द्यावा.

झाडीपट्टी (साकोली, जि. भंडारा)

मी थोडे वेगळे मत मांडतो. मोठ्या शहरांत बसून लिहिलेले सल्ले आपल्या उन्हाळ्याचा विचार करत नाहीत. अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल मर्यादा भोवतालच्या ३५ अंश तापमानाची असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छताखाली दुपारी काय होते ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी फिरणाऱ्या तबकडीपेक्षा एसएसडी बरी, असे मला वाटते. तिच्यात फिरणारा भाग नाही, वीज कमी लागते, त्यामुळे बहुतेक वेळा वेगळ्या हबचीही गरज पडत नाही, आणि मोटारसायकलच्या डिक्कीतून नेली तरी धक्क्याची भीती नाही.

डिस्क कोणतीही असो, ती सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नये. ती सगळ्यांत गरम जागा असते. कूलरच्या झोतासमोरही ठेवू नये, कारण त्या हवेतले पाण्याचे बारीक कण खाचेत जाऊन धातू गंजतो. आमच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, तेव्हा न वापरायची डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

तारमिस्त्री

झाडीपट्टी भाऊंचे उन्हाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एसएसडीबद्दल मात्र दोन शंका आहेत. एक म्हणजे लाइन वारंवार अचानक गेली की स्वस्त एसएसडीचा आतला नकाशा बिघडून ती एकाएकी पूर्ण बंद पडू शकते, आणि मग त्यातून काहीच परत मिळत नाही. हार्ड डिस्क बहुधा आधी आवाज करून, हळू चालून सूचना देते. दुसरे म्हणजे एसएसडी विजेविना कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी नसते. घरगुती एसएसडीसाठीचे मानक असे आहे की तिची लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष माहिती टिकावी. नवी एसएसडी त्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकवेल, हे खरे. परंतु उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि आपल्याकडे ३० अंश ही हिवाळ्यातली दुपार असते.

माझे मत असे की जपून ठेवायचे ते हार्ड डिस्कवर असावे आणि उन्हाळ्यात दुपारी रेकॉर्डिंग टाळून ते सकाळी किंवा रात्री करावे. पुष्कळ कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित होतात, त्या वेळा पाहून ठेवाव्यात.

झाडीपट्टी

हे मान्य. मग शाळेत किंवा दुसऱ्या गावी डिस्क नेऊच नये. मुख्य डिस्क वाचनालयात राहावी आणि त्या दिवशी दाखवायचा तेवढाच कार्यक्रम पेनड्राइव्हवर उतरवून न्यावा. म्हणजे माझी धक्क्याची शंका मिटते.

मृगाच्या आधीची वादळे सुरू झाली की आणखी एक दक्षता घ्यावी. छतावरच्या डिशपासून येणारी वायर विजेला घरात वाट करून देते. आभाळात गडगडू लागले की फक्त बटण बंद करून भागत नाही. डिशची वायर बॉक्समधून काढावी, प्लग काढावा आणि डिस्कही वेगळी करावी. डिशच्या खांबाला अर्थिंग असेल तर उत्तमच.

ग्रंथघर

आमच्या वाचनालयात इन्व्हर्टर आहे, परंतु लाइन गेली की बॉक्स एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. यावर काही करता येईल का? आणि असे रेकॉर्डिंग लोकांना दाखवणे कायद्याने चालते का, हेही कोणी जाणकारांनी सांगावे.

तारमिस्त्री

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. त्यामुळे बदल होण्याचा वेळ खूप कमी होतो आणि बहुतेक बॉक्स तेवढ्यात बंद पडत नाहीत. बॉक्स, हब आणि टीव्ही हे तिन्ही इन्व्हर्टरच्याच बोर्डवर हवेत. हब विसरून चालणार नाही, कारण त्याची वीज गेली तर बॉक्स सुरू राहूनही डिस्क बंद पडेल.

वाचकमित्र (नागपूर)

कायद्याबद्दल लिहितो. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ३९ नुसार स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन अथवा संशोधनासाठी प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग केले, तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. पैसे घेऊन प्रक्षेपण लोकांना दाखवणे मात्र कलम ३७ मध्ये स्पष्टपणे भंग मानले आहे. म्हणून वाचनालयाने कार्यक्रम दाखवण्यासाठी तिकीट, वर्गणी किंवा चहाच्या नावाखालीही पैसे घेऊ नयेत, शेतीशिक्षणाच्या कार्यक्रमांपुरतेच राहावे, चित्रपट आणि मालिका दाखवू नयेत, आणि फाइल मोबाइलवर वाटू नयेत किंवा इंटरनेटवर चढवू नयेत. नियमितपणे जाहीर दाखवायचे असेल तर दूरदर्शनकडे लेखी परवानगी मागणे अधिक सुरक्षित आहे. अर्जात वाचनालयाचा नोंदणी क्रमांक आणि कार्यक्रमांचे विषय लिहावेत. डीडी किसानचे अनेक कार्यक्रम यूट्यूबवरही असतात, त्यामुळे एखादा भाग सुटला तर तोही मार्ग आहे. गावात रेंज किती मिळते यावर ते अवलंबून आहे.

ग्रंथघर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल गटाच्या वतीने मनापासून आभार. आम्ही असे ठरवत आहोत: १ टीबीची अडीच इंची साटा हार्ड डिस्क, वेगळे केसिंग, अडॅप्टरचा हब आणि नेण्या-आणण्यासाठी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह. दूरदर्शनकडे परवानगीचा अर्जही पाठवणार आहोत. दीक्षाभूमीच्या सोहळ्यासाठी एकाच डिस्कवर विसंबावे का, एवढाच प्रश्न उरतो.

वर्धाकाठ

विसंबू नये. जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि दुसऱ्या घरात हवी. त्यासाठी नवीच डिस्क हवी असे नाही. एखाद्या जुन्या लॅपटॉपमधून निघालेली ३२० किंवा ५०० जीबीची चांगली डिस्क केसिंगमध्ये घालूनही चालेल. ती वर्षातून एकदा जोडून फाइल उघडतात का ते पाहावे. फाइलला वर्ष आणि विषय असे नाव संगणकावरच्या प्रतीला द्यावे, बॉक्समधल्या मूळ फाइलचे नाव बदलू नये, कारण काही बॉक्स शेजारच्या छोट्या माहिती-फाइलवरून रेकॉर्डिंग ओळखतात आणि नाव बदलले की ते यादीत दिसेनासे होते.

तारमिस्त्री

खरेदीला जाताना बॉक्स आणि त्याचा अडॅप्टर सोबत न्या आणि दुकानातच डिस्क लावून पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून पाहा. डिशची जोडणी असलेले दुकान निवडा. बॉक्स स्टँडबायवर टाकून पुन्हा सुरू करा आणि डिस्क आपोआप ओळखली जाते का ते पाहा, कारण वेळ लावून केलेले रेकॉर्डिंग अनेकदा तिथेच फसते. झोपलेली डिस्क जागी व्हायला काही सेकंद लागतात, म्हणून वेळ लावताना कार्यक्रमाच्या दोन मिनिटे आधीची लावावी. बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या, हमीच्या वेळी तोच पाहिला जातो.

ग्रंथघर

बॉक्स घेऊन सोमवारी यवतमाळला जात आहोत. स्टँडबायच्या चाचणीत काय दिसले ते इथेच कळवते, म्हणजे असाच बॉक्स असलेल्यांना उपयोग होईल.